माळकरणीनं मळलेलं गळाचं पीठ

हौसा,

दहाव्याला घाटावर माईकवरून तुझ्याबद्दल जे जे बोललं गेलं, ते तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. आणि घरी आल्यावर मला म्हणाली असतीस, "कोण बाई व्हती ती? लई चांगली व्हती म्हणं."

एकामागं एक उठत होते. ज्याला तुझं नाव ठाऊक नाही तो 'मातोश्री' म्हणून मोकळा. एकाला पुढं दुसऱ्या घाटावर दहाव्याला जायचं होतं, त्यानं तिकडच्या मेलेल्या माणसाचे चार गुण तुला चिकटवून टाकले. तू म्हणे तालमीचा आधारस्तंभ होतीस. संतोषनं फ्लेक्स लावला होता. आपल्या पोराला आईचा धड एक फोटो सापडला नाही, म्हणून आधार कार्डावरचा मोठा केला आणि मागं विठ्ठल उभा केला. तू त्यात शेंगा चोरताना सापडल्यासारखी दिसतेस आणि देव तुझ्यामागं हवालदारासारखा.

"माळकरी, सोज्वळ बाई, जन्मात कुणाला उलटून बोलली नाही," असं एक जण म्हणाला. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं. मी हसू गिळत होतो.

सगळं बोलले, पण तू गळाचं पीठ मळायचीस हे एकानंही सांगितलं नाही. घोड नदीच्या या काठावर तुझ्या हातच्या पिठासारखं पीठ कुणाचं नव्हतं. आणि गळ्यात तुळशीची माळ घातलेली बाई मासे धरायचं पीठ मळते, हे तर कुठंच नव्हतं. हे अर्ध्या गावाला माहीत आहे. पण घाटावर सगळ्यांची वाचा बसली. मेलेल्या माणसाला धुऊन पुसून इतकं पांढरं करायचं की ओळख पटू नये, ही यांची श्रद्धांजली. म्हणून मी लिहितोय. माझं लिहिणं चौथीपुरतं, आणि तुला वाचता येत नव्हतं. तेव्हा चुका काढायला तू नाहीस, एवढं बरं.

तू अवसरीहून आलीस ती माळ घालूनच. तुमच्या घरची ती चालच. आमच्या घरात आदितवारी मटण आणि नदीला पाणी असलं की मासे. पण लग्न जुळवताना याचा शब्द कुणी काढला नाही. तुझ्या बापानं आमची जमीन बघितली, विहिरीत डोकावून पाणी बघितलं, बैलाचे दात बघितले. माझ्या बापानं पोरगी बघितली, मानपान ठरवला. दोन्हीकडचे जाणते जाणते म्हणवणारे, पण ताटात काय वाढतात हे विचारायची अक्कल एकाला झाली नाही. कळलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

लग्नानंतर पहिल्यांदा मी वाम धरून आणली ती टॉवेलात गुंडाळून. स्वयंपाकघराच्या दारात ती टॉवेलातून वळवळत बाहेर आली. तू किंचाळशील असं मला वाटलं. तू चुलीपुढनं उठलीस, जुना तवा, एक जर्मनची डेचकी आणि फुटका पाटा उचलून गोठ्यामागं नेलास. तीन दगडं मांडलीस आणि मला म्हणालीस, "हितं शिजवा, हितं खावा, भांडी हितंच घासा. घरात येताना त्वांड धुवून या." नव्या नवरीचं ते बोलणं ऐकून माझी आई पदराआडून माझ्याकडं बघत राहिली, की पोरगा आता काय करतोय. पोरगा तवा घासायला बसला.

तिथंच आपला कायदा झाला. तू मला माळ घाला म्हणायचं नाही, मी तुला खा म्हणायचं नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. पण तो मोडलेला मला आठवत नाही.

पिठाचं पुढं झालं. माझं पीठ गळावर टिकायचं नाही. पाण्यात पडलं की विरघळायचं, मासे फुकट जेवायचे आणि मी नुसता गळ बुडवून साधूसारखा बसायचा. एकदा मी ओसरीत कणीक तिंबत होतो. तू धुणं घेऊन निघाली होतीस, थांबलीस. बघवेना तुला.

"पीठ मळता येत न्हाय आन् मासं धराय निघालाय," म्हणालीस. "त्ये पीठ हाय का भितीचा गिलावा?"

"मग तू मळ."

"मी माळकरीण हाय."

"पीठ माळकरी नसतं."

मग धुणं खाली ठेवलंस, हात धुतलेस आणि थाळी माझ्याकडनं ओढून घेतलीस. "पीठ मळल्यानं मासा मरत न्हाय," असं मला नाही, स्वतःलाच म्हणालीस. वरनं मला म्हणालीस, "गळाला लावायचं त्ये तुमी. मी गळाला हात लावायची न्हाय." आणि लावला नाहीस, शेवटपर्यंत.

तुझं पीठ कसं होतं ते मी इथं लिहून टाकतो. लपवायचं काही नाही, लिहिलं तरी गावातल्या या धांदरटांना जमणार नाही. गव्हाची कणीक, त्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड कुटून, गुळाचं पाणी, हिंगाचा खडा. पुरीच्या पिठाहून घट्ट. ओल्या फडक्यात झाकून ठेवायचं, झुंजुमुंजू होताना मळलेलं उन्हं वर आल्यावर न्यायचं. आणि कापूस. देवापुढच्या वाती वळताना तुझ्या मांडीवर कापसाचं जे उरायचं, ते पिंजून पिंजून तू पिठात घालायचीस. धागा दिसायचा नाही, पण पीठ गळाला असं धरायचं की मोठ्या रोहूनं दोनदा तोंड लावलं तरी जागचं हलायचं नाही. मी म्हणालो, "देवाचा कापूस माशाला?" तू म्हणालीस, "देवाला पुरून उरलाय. तुमच्यावानी न्हाय, त्येला कुठं थांबायचं कळतं."

चिलापीला बोराच्या बीएवढी गोळी, कटल्याला आवळ्याएवढी. टोक पिठात झाकलेलं, पण पातळ झाकलेलं, नाहीतर हिसका दिल्यावर गळ तोंडात रुततच नाही. हे माझं शास्त्र. तुझं पीठ आणि माझा हात, असं ते होतं. मोराच्या पिसाच्या देठाचा तरंगता काडा दोरीला बांधायचो. चिलापी तो नाचवते, नाचू द्यायचा. रोहू तो हळू बाजूला नेते. कटला खालनं पीठ ओढून घेतो तेव्हा काडा बुडत नाही, उलटा वर येऊन आडवा पडतो. अडाणी माणूस काडा बुडायची वाट बघत बसतो आणि कटला जेवून हात धुवून निघून जातो. सावली पाण्यावर पडेल असं बसायचं नाही. काठावर धपधप चालायचं नाही. धरणातनं पाणी सोडलं की मधल्या धारेत गळ टाकणारा गाढव. मासा त्या वेळी काठाच्या संथ पाण्यात, वाळुंजाच्या झाडाच्या मुळाशी येऊन बसतो.

आता शनिवार-रविवार गाड्या घेऊन येतात ना ते, त्यांना हे सांगून उपयोग नाही. घडीच्या खुर्च्या, कर्र कर्र करणारी चाकं लावलेल्या काठ्या, डोळ्यांवर काळे चष्मे. पुडीतलं पीठ आणतात, लहान पोरांच्या गोळ्यांसारखा त्याला वास. गाणी लावतात. मासे बहिरे आहेत असं यांना कुणी सांगितलं कोण जाणे. त्यातला एक मोबाईल काठीला अडकवून हिंदीत स्वतःशीच बोलत होता, तू शेरडं घेऊन काठानं चालली होतीस. माझ्या पिशवीत सात-आठ चिलापी बघून त्यानं मला छेडलं, मी तुझ्याकडं बोट केलं, तर त्यानं तुलाच गाठलं. "मावशी, काकांचं आमिष तुम्ही बनवता ना? काय घालता यात?"

"अक्कल," तू म्हणालीस. "तुमच्या पुडीत नसती ती."

आणि त्यानं ते पण मोबाईलमध्ये घेतलं. कुठल्या कुठल्या लोकांनी तुला बघितलं असेल. घाटावरच्या त्या चार भाषणांपेक्षा तेवढं एक वाक्य तुझं खरं चित्र होतं.

पण हौसा, एक राग अजून आहे, तो लिहितो. तू गळाला जित्राप लावून मासे धरू दिले नाहीस. गांडुळाचा डबा मी गोठ्यात ठेवला तर तू तो नेऊन वांग्याच्या वाफ्यात उपडा केलास. "एक जीव द्यायचा आन् दुसरा घ्यायचा, ह्यो कसला यापार?" गढूळ पाण्यात गांडुळाशिवाय मासा येत नाही, हे तुला सांगून थकलो. कोंबडीची आतडी नाहीत, बेडूक नाही. आणि मरळ पिठावर येत नाही, हौसा. मरळ हा नदीचा राजा, तो बेडकावर झेप घेतो. शेजारच्या शेंबड्यांनी हाताएवढ्या मरळी धरल्या, माझ्यापुढनं नाचवत नेल्या, मला 'पोळीवाला' म्हणाले. मी जन्मात एक मरळ धरली नाही. तू कधी विचारलंसुद्धा नाहीस की का धरत नाही.

आणि तो पहिला गोळा. "पयला बिनगळाचा टाका." रोज मी काठी उचलली की हे वाक्य. मी टाकायचोही, कारण चारा टाकून मासे गोळा करायचे हे कुठलाही गळवाला करतो, त्यात पुण्याचं काही नाही. पण तुला हे कबूल नव्हतं.

"चारा गुरांना," तू म्हणायचीस. "त्ये जेवान हाय."

"जेवायला बोलवायचं आन् मान मुरगाळायची?"

"मुरगाळताय तुमी. माझा पाहुणचार हाय."

"मग तुझ्या पावण्याला मी खातो त्याचं पाप?"

"निम्मं तुमचं."

"आन् निम्मं?"

"खाणाऱ्याचं."

"खाणारा बी मीच की."

"मग सगळंच तुमचं. मी काय करू?"

किती वर्षं हे भांडण केलं आपण. मासे माझ्या चाऱ्यानं येतात की तुझ्या जेवणानं, याचा निकाल लागला नाही. तू गेलीस म्हणून तू जिंकलीस असं समजू नकोस.

या थंडीत तुझा हात गेला. मळता येईना. तू खाटेवर बसून मला सांगायचीस, अजून घट्ट, अजून. मी मळलेलं बोटानं दाबून बघायचीस आणि तोंड वाकडं करायचीस. "ह्येला मासं यायचं न्हाईत. कावळं येतील." सून आपली मनीषा, ती दारातनं बघायची पण थाळीला हात लावायची नाही, तिला वासाचं वावडं. मग मंचरच्या दवाखान्यात नेलं. तिथं तू मला शेवटचं काय बोललीस, तर "दाढी करा, चोरावानी दिसताय." एवढंच. मी करायला गेलो. बायका शेवटी काय काय सांगून जातात म्हणे. मला तू न्हाव्याकडं पाठवलंस.

आता पुढचं ऐक, हे तुझ्या माघारी झालंय.

घाटावर सगळ्यांची भाषणं झाली आणि बुवा उठला. आपल्या भजनी मंडळाचा बुवा. त्यानं माळ घातल्यापासून मटण सोडलं, चहाड्या सोडल्या नाहीत. त्याला दुसऱ्याच्या गळ्याची लई काळजी. माईक तोंडाशी धरून म्हणाला, "या घरातली माळ खंडू नये. आबांनी तेराव्याला सगळ्यांसमोर माळ घ्यावी. आईची पण तीच इच्छा होती. दवाखान्यात तसं बोलून गेल्या." लोकांनी लगेच 'पुंडलिक वरदे' केलं. मला विचारलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही. गळा माझा आणि ठराव त्यांचा.

घरी आल्यावर मी संतोषला विचारलं, "तुला ठाऊक व्हतं का?"

"बुवा बोलले व्हते," संतोष म्हणाला. "बरंच हाय की आबा. आता कशाला नदीवर जाताय? उसात बिबट्या फिरतोय, त्यात काठावर पाय घसरला तर आमाला कळणार बी न्हाय. माळ घातली की घरी बसाल, हरिपाठ कराल. तेवढाच येळ जाईल."

"म्हंजे म्हाताऱ्याला बांधायला दावं पायजे."

"तसं न्हाय आबा."

"तसंच हाय. गुराला सुंभाचं आसतं, मला तुळशीचं आणताय."

तो उठून गेला. मनीषा म्हणाली, "आबा, त्यांना तुमची काळजी वाटती." असेल. काळजी लई सोपी असते, दुसऱ्याचं सुख बंद केलं की संपते.

पण हौसा, पोराला बोललो ते वरचं. आत दुसरंच होतं. हे तू बोललीस, असं बुवाला सांगणारी शालन होती. तुझी सख्खी धाकटी बहीण, बेल्ह्याहून येऊन दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलेली. शालन चोंबडी आहे, पण खोटारडी नाही. मी न्हाव्याकडं गेलो तेव्हा तिच्यापाशी तू काय बोललीस ते मला ठाऊक नाही. आणि विचारावं तर ती घाटावरनंच बेल्ह्याला गेलेली, तेराव्यालाच येणार होती.

तेव्हापासून मला घास जाईना. तू खरंच तसं म्हणालीस का? म्हणजे माझ्या गळ्यात माळ यावी असं तुझ्या मनात होतं, आणि जन्मभर तू ते गिळून बसली होतीस? मग एवढी वर्षं ते पीठ तू काय दात खाऊन मळलंस? आपला कायदा मला कायदा वाटत होता आणि तुला नुसता नाइलाज? एकदा देवळात बुवा तुझ्यासमोर मला म्हणाला होता, आबा, आता घ्या की माळ. तू काही बोलली नव्हतीस. पदर नीट केलास आणि चपला शोधायला लागलीस. मला तेव्हा वाटलं, तू माझी बाजू घेतलीस. आता त्याच चपलांचा मला संशय यायला लागला. तू सगळं तोंडावर बोलणारी बाई. बोललेलं तुझं मला कधी लागलं नाही. हे न बोललेलं लागलं.

मी ठरवलं. तू म्हणाली असशील तर घालीन. शिव्या देत घालीन, पण घालीन. काठी संतोषच्या हातात देईन, तव्याचं भंगार करा म्हणून सांगेन. नदी गोठ्यातनं ऐकू येते तेवढी ऐकेन. कुणाला बोललो नाही हे.

तेराव्याचं जेवण उरकलं. मांडवात सतरंजी टाकलेली, माणसं हात धुवून बसली. बुवानं स्टीलच्या ताटात नवी कोरी माळ आणली, हळदकुंकू वाहिलेली. टाळ वाजायला लागले. मला पाटावर बसवलं. बुवा माळ उचलणार तेवढ्यात मी हात आडवा धरला.

"थांबा बुवा. शालन, हिकडं ये."

शालन बायकांतनं पुढं आली. "काय दाजी?"

"तुझी बहीण दवाखान्यात माझ्या माळंचं बोलली ना?"

"बोलली की."

"काय बोलली? तिच्या तोंडानं सांग. तुझ्या नको, बुवाच्या तर मुळीच नको."

शालननं सगळ्यांकडं बघितलं. "जाऊ द्या ना दाजी. एवढ्या माणसांत कशाला?"

"एवढ्याच माणसांत माईकवरनं सांगितलंय. बोल."

"मग माझ्यावर रागवायचं न्हाय," शालन म्हणाली. आणि हौसा, ती बोलायला लागली आणि तूच आलीस मांडवात, कमरेवर हात ठेवून. "आक्का म्हणली, 'मी गेले की ह्या टाळकुट्यांस्नी सुचंल बघ, ह्यांच्या गळ्यात माळ घालायचं. घालू दिऊ नको. ह्यांच्यानं आठ दिस निभायचं न्हाय. घोडला पाणी सुटलं की माळ खुटीला आन् हे नदीला. माळंची इटंबना व्हईल. ह्यांचं काय, हे हायेतच तसं. तू माळंला जप.'"

टाळ थांबले. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळी सतरंजी हसली. तेराव्याच्या मांडवात, हौसा. दहाव्याच्या त्या भाषणांनी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते डोळे पुसत होते.

बुवा लाल झाला. "शालनताई, मग तुमी मला अर्धंच का सांगितलं?"

"मी कुठं अर्धं सांगितलं?" शालन त्याच्यावर उलटली. "मी म्हणले, आक्का दाजींच्या माळंचं बोलून गेली. पुढचं सांगाय त्वांड उघडलं, तर तुमी कवाच माईककडं पळाला."

बुवानं ताट उचललं आणि माळ रुमालात बांधली. जाताना मला म्हणाला, "आबा, तुमचं नशीब." मी म्हणालो, "माझं न्हाय बुवा, माळंचं." संतोष खांबाला टेकून उभा होता, माझ्याकडं बघेना, पण त्याचे खांदे हलत होते. त्याला तुझं तोंड आठवलं असणार. फ्लेक्सवर नव्हतं ते.

मला काय वाटलं विचारशील, तर पहिल्यांदा छातीवरचा धोंडा उतरला. पीठ तू दात खाऊन मळलं नव्हतंस. आणि लगेच राग आला. "आठ दिस निभायचं न्हाय" म्हणे. ज्या माणसानं तुझ्या एका हट्टापायी जन्मभर मरळ सोडली, पोळीवाला म्हणवून घेतलं, तो आठ दिवस निभावणार नाही? माझा हा उपास तुला दिसलाच नाही का? की दिसला होता आणि तरी म्हणालीस? मी पाटावर बसलो होतो ते घालायच्याच तयारीनं, हे तुला कुठं ठाऊक. माझ्याबद्दलची ही एक गोष्ट तुला माहीत नव्हती. एवढी वर्षं संसार करून तुझ्याबद्दलचा माझा जुना अंदाज चुकला नाही, माझ्याबद्दलचा तुझा चुकला.

आता मला शिकवू नकोस की घोडला पाणी सुटल्यावर काय झालं असतं.

पाणी परवा सुटलं. काल ऊन वर आल्यावर मी गेलो. पीठ मीच मळलं. तुला दाखवण्यासारखं नव्हतं. कापूस घातला तर त्याच्या गुठळ्या झाल्या. बरंचसं माशांनी फुकट खाल्लं. उन्हं डोक्यावर यायला लागली तेव्हा काडा वर येऊन आडवा पडला. कटला, मोठा नाही, पण कटला. गोठ्यामागं नेला, खवलं काढली, मीठ-मिरची चोळून तव्यावर टाकला. मनीषानं खिडकी लावून घेतली, पण भाकरी मात्र गरम आणून ठेवली, लांबनं.

मी मासा खायला बसलो की तू गोठ्याच्या पायरीवर येऊन बसायचीस. माझ्याकडं पाठ करून. बघायचं नाही, वास घ्यायचा नाही, पण बडबड सगळी तिथंच. शेरडीनं काय खाल्लं, कुणाच्या सुनेनं काय केलं, माझ्या बापानं तुला कसं फसवलं. मी काटे काढायचो आणि हूं म्हणायचो. तुझं बोलणं आणि माझा मासा एकदमच संपायचा. हे कसं जमायचं याचा मी कधी विचार केला नाही.

काल पहिला घास हातात घेतला आणि पायरीकडं तोंड करून बसलो. कुणी बोलायला सुरुवात केली तर खायला सुरुवात करू, अशा हिशोबानं. एवढा मूर्ख झालोय.

मासा गार झाला. गार मासा वशट लागतो. खाल्ला.